नव्या लिहिणाऱ्यांसाठी मी ठेवते ती यादी

पारोळ्याला आमच्या वाचनालयात शनिवारी दुपारी लिहिणारी मुलं-मुली जमतात. काही अमळनेर-एरंडोलकडच्या खेड्यांतून एसटीने येतात. त्यांना घरबसल्या काहीतरी मिळावं म्हणून मी २०१८ मध्ये इंटरनेटवरच्या उपयोगी जागांची पहिली यादी केली. पंधरा दिवस रात्री जागले आणि एकशे तेवीस लिंका ग्रुपवर टाकल्या. पुढच्या शनिवारी बारावीतला एक मुलगा मोबाइल माझ्यासमोर धरून म्हणाला, "ताई, यामा मन्हा कामनं काय शे?" म्हणजे, यात माझ्या कामाचं काय आहे?

त्याला आजोबांच्या विहिरीवर कथा लिहायची होती. माझ्या यादीत 'शब्दकोश' या मथळ्याखाली चौदा लिंका होत्या, पण कोणती कधी उघडायची हे एका शब्दानेही लिहिलेलं नव्हतं. मला खूप वाईट वाटलं, कारण प्रश्न अगदी बरोबर होता. त्या दिवसापासून मी यादी पुन्हा करायला घेतली. आज तिच्यात एकोणीसच ओळी आहेत. नियम एकच ठेवलाय: आमच्यातल्या कुणीतरी ती जागा वापरून काहीतरी लिहून पूर्ण केलं असेल, तरच ती यादीत येते. आणि प्रत्येक ओळीत तीन गोष्टी असतात. ती कशासाठी उपयोगी, कुठे अडते, आणि मी शेवटची कधी उघडून पाहिली.

तुम्ही लिहायला नव्याने लागला असाल आणि स्वतःसाठी किंवा चार मित्रांसाठी अशी यादी करणार असाल, तर सुरुवात शब्दकोशापासून करा. शिकागो विद्यापीठाने दक्षिण आशियातल्या भाषांचे जुने कोश ऑनलाइन ठेवलेत, फुकट. त्यात मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आहे, १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीचा. दाते-कर्वे यांचा आठ खंडांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे, १९३२ ते १९५० या काळातला. तुळपुळे यांचा जुन्या मराठीचा कोशही आहे. हा एवढा ठेवा पारोळ्यात बसून मोबाइलवर उघडतो याचं मला अजूनही अप्रूप आहे.

पण नवीन माणूस इथे हमखास अडखळतो. तो 'नाव' शोधतो आणि त्याला होडी सापडते. कारण हे कोश जुन्या लेखनाचे आहेत. आज आपण लिहितो ते नियम साहित्य महामंडळाचे, १९६२ पासूनचे. त्याआधी न उच्चारलेला अनुस्वारही लिहीत. म्हणून तिथे नांव, गांव, कांहीं असं टाकून पाहायचं. माझ्या यादीत दाते-कर्व्यांच्या ओळीपुढे हे असं लिहिलंय: "शब्द मिळाला नाही तर डोक्यावर टिंब देऊन पुन्हा शोधा. अर्थाआधी कंसात प्रांताची खूण असते. कों. म्हणजे कोकणी, व. म्हणजे वऱ्हाडी, खा. म्हणजे खानदेशी. ती खूण वाचल्याशिवाय शब्द पात्राच्या तोंडी घालू नका." ही टीप लिहिल्यावर कोश खऱ्या अर्थाने वापरला जाऊ लागला. त्याआधी तो नुसता यादीत होता.

विश्वकोशाचंही असंच. वाईच्या मराठी विश्वकोशाचे खंड ऑनलाइन वाचता येतात आणि नव्या लिहिणाऱ्याने रोज एक नोंद वाचावी असं मी आग्रहाने सांगते. कमी शब्दांत नेमकं कसं सांगावं हे तिथे शिकायला मिळतं. मात्र पहिला खंड १९७६ चा आहे. नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. तेव्हा जिल्हे, लोकसंख्या, पिकांचे आकडे जुन्या नोंदीतून जसेच्या तसे उचलायचे नाहीत.

काळ जपणं किती नाजूक असतं हे मला एका मुलीच्या कथेने शिकवलं. कथा १८८५ सालची, छान बांधलेली, आणि तिसऱ्याच पानावर "जळगाव जिल्ह्याचे कलेक्टर" घोड्यावरून येतात. तेव्हा जळगाव जिल्हा नव्हताच. सगळा मिळून एक खानदेश जिल्हा, कलेक्टर धुळ्याला. पूर्व खानदेश (आजचा जळगाव) आणि पश्चिम खानदेश अशी वाटणी १९०६ मध्ये झाली. आम्ही दोघींनी इंटरनेट अर्काइव्ह या जुनी पुस्तकं फुकट ठेवणाऱ्या संकेतस्थळावर मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा, म्हणजे इंग्रज सरकारने छापलेल्या जिल्हावार माहितीग्रंथाचा, खानदेशचा खंड काढला, बारावा, १८८० चा. इंग्रजी जड आहे, पण पिकं, बाजार, रस्ते, जमाती यांचे तपशील असे भरलेत की ती मुलगी दोन तास खुर्चीवरून हलली नाही. कलेक्टर धुळ्याहून निघाले आणि त्यांच्या प्रवासाचं एक आख्खं प्रकरण कथेत वाढलं. गॅझेटियर साहेबाच्या नजरेने लिहिलेलं आहे, भिल्लांबद्दलची वाक्यं तर फार खटकतात. ते माझ्या यादीत त्याच ओळीत लिहिलेलं आहे. तपशील घ्या, मत घेऊ नका.

अहिराणीत लिहिणाऱ्यांसाठी ग्रियर्सन यांच्या भाषा सर्वेक्षणाचा नववा खंड, तिसरा भाग आहे, १९०७ चा. त्यात खानदेशी बोलीचे नमुने छापलेत. सव्वाशे वर्षांपूर्वीचं आपलं बोलणं कागदावर पाहून पोरं हरखून जातात. इंटरनेटवर बाकी अहिराणी म्हणून जे फिरतं ते नीट पारखून घ्या. बहिणाबाईंची भाषा सरसकट अहिराणी म्हणून ठोकून देणारी कितीतरी पानं मी यादीतून काढली. जळगाव-असोद्याकडची माणसं तिला लेवा गणबोली म्हणतात आणि कान देऊन ऐकलं तर फरक कळतो. बोलीवर लिहिणाऱ्याला एवढाही फरक कळत नसेल तर त्याची लिंक नव्या लेखकाला मी देणार नाही.

आता पीडीएफचं बोलू. कुठल्याही साहित्यप्रेमी ग्रुपवर रोज पाच-दहा पुस्तकं येऊन पडतात, आणि त्यातली बरीच चोरीची असतात. लिहिणाऱ्याने तरी लिहिणाऱ्याची चोरी करू नये. हिशोब सोपा आहे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं प्रताधिकार (कॉपीराइट) राहतो. अमळनेरच्या शाळेत शिकवणारे साने गुरुजी ११ जून १९५० ला गेले, म्हणून त्यांचं लेखन २०११ च्या आरंभापासून सगळ्यांसाठी खुलं झालं. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ ला गेल्या, पण त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली १९५२ मध्ये. मरणोत्तर छापलेल्या लेखनाची साठ वर्षं प्रकाशनापासून मोजतात, म्हणजे २०१३ पासून मोकळीक. मात्र त्याच पुस्तकाला आचार्य अत्र्यांची प्रस्तावना आहे आणि अत्रे गेले १९६९ मध्ये. तिचा हिशोब वेगळा. खुली पुस्तकं मराठी विकिस्रोतावर मिळतात, आणि राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कितीतरी प्रकाशनं स्वतःच्या संकेतस्थळावर मोफत ठेवलीत. एवढं वाचून संपवायला एक जन्म अपुरा आहे.

एक चूक सांगायलाच हवी. तिसऱ्या वर्षी मी यादीत स्पर्धा आणि संग्रहांची जाहिरात देणाऱ्या जागाही घेतल्या होत्या. त्यातल्या एका 'प्रातिनिधिक' कवितासंग्रहासाठी आमच्या एका मुलीने सहाशे रुपये भरले. वडिलांकडून मागून घेतलेले, कपाशीच्या वेचणीच्या दिवसांत. प्रमाणपत्राचं चित्र मोबाइलवर आलं, पुस्तक कधीच आलं नाही. तिने मला दोष दिला नाही, पण लिंक माझ्या यादीतली होती आणि मी ती न तपासता घेतली होती. तेव्हापासून लेखकाकडून पैसे मागणारी एकही जागा यादीत नाही. छापून देणारे, शिकवणारे, परीक्षण करून देणारे, कुणीही असो. संपादकाचं नाव, आधीच्या अंकाची प्रत आणि मानधनाबद्दल एक स्पष्ट वाक्य, एवढं दिसलं तरच मी पत्ता पुढे देते.

टायपिंगबद्दल थोडक्यात: युनिकोडमध्येच लिहा, इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकून घ्या, महिनाभरात हात बसतो. एखाद्या छापखान्याला श्रीलिपी, म्हणजे युनिकोडमध्ये नसलेला जुना फाँट, लागली तर शेवटी रूपांतर करून द्या आणि रूपांतरानंतर पान डोळ्यांखालून घाला. 'ऱ' कुठल्या कळीवर आहे ते पहिल्याच दिवशी शोधून ठेवा. एका चांगल्या कथेत "सातपुड्याच्या दर्यांमधून" असं वाचलं होतं. दर्या म्हणजे समुद्र, सातपुड्यात असतात त्या दऱ्या. जुन्या पुस्तकाचं पान गूगल ड्राइव्हवर टाकून डॉक्समध्ये उघडलं की मजकूर हाती येतो, पण अनुस्वार आणि जोडाक्षरं यंत्र हमखास चुकवतं, तेव्हा मूळ पान शेजारी ठेवूनच वाचायचं.

यादी जिवंत ठेवणं हे तिच्यातलं सगळ्यात मोठं काम आहे. दर अमावास्येला, लक्षात राहायला सोपं म्हणून, मी यादीतल्या सगळ्या लिंका उघडून पाहते. लिंक मेली असेल तर आधी वेबॅक मशीनमध्ये पत्ता टाकते. जुनं पान बऱ्याचदा तिथे जपलेलं असतं. सरकारी संकेतस्थळं नवी झाली की पुस्तकांचे पत्ते बदलतात, म्हणून पत्त्यासोबत पुस्तकाचं पूर्ण नाव, वर्ष आणि खंड लिहून ठेवा, शोधून काढता येतं. खुल्या पीडीएफ एका पेनड्राइव्हमध्ये वाचनालयात ठेवल्यात, कारण खेड्यात रेंज जाते आणि लाइटही. धुळ्याच्या दोन ओळींना तर लिंकच नाही: तिथलं राजवाडे संशोधन मंडळ आणि श्री समर्थ वाग्देवता मंदिर. हस्तलिखितं आणि जुनी कागदपत्रं पाहायची असतील तर तिथे बसनेच जावं लागतं, आणि एकदा तरी जावंच.

विहिरीवर लिहिणाऱ्या त्या मुलाला मोट, म्हणजे बैलांनी विहिरीचं पाणी ओढायचं साधन, कोशात मिळाली. नाडा, सोंदूर, धाव, थारोळं हेही मिळालं. पण आजोबा बैलांना मागे सरकवताना जो शब्द म्हणायचे तो कुठेच नव्हता. मी म्हटलं, आजोबांनाच विचार आणि मोबाइलवर बोलणं धरून ठेव. त्यांच्या परवानगीने ते रेकॉर्डिंग आता पेनड्राइव्हमध्ये आहे आणि यादीतली एकोणिसावी ओळ त्याने स्वतः लिहिलीय: "मोटेवरचे शब्द, आजोबांचा आवाज, ११ मिनिटं. सहाव्या मिनिटाला बैलाला मागे घेतात ते ऐका. मधे शेळी ओरडते, तिथे आवाज वाढवा."