ऑन्टॉलॉजीचं मानक गटात ठरवताना शोधनिबंध कसे वाटून घ्यावेत

ऑन्टॉलॉजी म्हणजे एखाद्या विषयातल्या संज्ञा, त्यांचे अर्थ आणि परस्परसंबंध यांची संगणकाला वाचता येईल अशी मांडणी. तिचं मानक ठरवणाऱ्या गटात कुणीतरी चाळीस पानांची पीडीएफ टाकतो, सोबत मजकूर एवढाच: ‘हे नक्की वाचा’. फार तर दोघे वाचतात. पुढे मसुद्यात त्याच निबंधाच्या आधारावर एकमेकींना छेद देणाऱ्या दोन व्याख्या येतात आणि दोघांचंही म्हणणं, निबंधात तसंच आहे.

म्हणून निबंधाबरोबर टिपण हवंच. कोणत्या संज्ञेसाठी निबंध दिलाय, त्यातलं नेमकं कलम कोणतं, तिथलं विधान आपल्या शब्दांत, आणि मसुद्यात त्यामुळे काय बदलावं असं वाटतं. सहा-सात ओळी पुरतात. पान क्रमांकापेक्षा कलम क्रमांक बरा, कारण प्रीप्रिंट (छापून येण्याआधीची प्रत) आणि छापील आवृत्तीतली पानं जुळत नाहीत. अर्काइव्ह (arXiv) या प्रीप्रिंटच्या संकेतस्थळावरचा निबंध असेल तर त्याच्या तिथल्या क्रमांकाला आवृत्ती जोडा, म्हणजे शेवटी ‘व्ही २’ वगैरे. ती नसली की दुवा नेहमी ताज्या आवृत्तीवर जातो, आणि तुम्ही आधार घेतलेलं वाक्य लेखकाने तिथून काढून टाकलेलं असू शकतं.

टिपणात शब्द कोणत्या चौकटीतला आहे हेही लिहा. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. डॉल्चे (DOLCE) आणि बीएफओ (BFO) या कुठल्याही विषयाला पाया म्हणून वापरता येणाऱ्या दोन ऑन्टॉलॉजी, म्हणजेच दोन चौकटी. त्यांतली ‘गुण’ ही संज्ञा घ्या. डॉल्चेमध्ये मडक्याचा रंग हा त्या एकाच मडक्याचा गुण, आणि रंगाची विशिष्ट छटा म्हणजे गुणांच्या अवकाशातली एक जागा. मडकं भाजून काळवंडलं, तर गुण तोच राहतो, जागा बदलते. बीएफओमध्येही ‘गुण’ आहे, पण छटांसाठी असा वेगळा अवकाश नाही. डॉल्चेवरच्या निबंधातलं वाक्य उचलून बीएफओच्या वर्गाखाली ठेवलं, तर वाचायला ठीक वाटतं आणि अर्थ मात्र बिघडतो. तसंच डॉल्चेतला ‘एन्ड्युरंट’ आणि बीएफओतला ‘कंटिन्युअंट’ (दोन्ही ढोबळमानाने काळ जाताना टिकून राहणाऱ्या गोष्टी) एकच समजू नका: अवकाशातला प्रदेश बीएफओमध्ये कंटिन्युअंटखाली येतो, डॉल्चेमध्ये तो अमूर्त गोष्टींत मोडतो. अशा जोड्यांचा एक तक्ता सुरुवातीलाच करून ठेवा. तो कंटाळवाणा आहे, पण त्याने वाद निम्म्यावर येतात.

आता फाइलींचं. प्रकाशकाची पीडीएफ सार्वजनिक गिट रेपॉझिटरीत (फाइलींचा प्रत्येक बदल जपून ठेवणाऱ्या सामायिक साठ्यात) टाकू नका. चूक लक्षात आल्यावर फाइल डिलीट केली तरी ती इतिहासात राहतेच, आणि इतिहास नव्याने लिहायचा म्हणजे सगळ्यांच्या प्रती मोडतात. रेपॉझिटरीत फक्त बिबटेक (BibTeX) स्वरूपातली संदर्भफाइल आणि डीओआय (निबंधाचा कायमचा ओळखक्रमांक) ठेवा. त्या फाइलीत निबंधाला एकदा दिलेली संदर्भखूण वर्ष किंवा आडनाव दुरुस्त केलं तरी बदलू नका. आयएसओ/आयईसी २१८३८ या पायाभूत ऑन्टॉलॉजींच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या विकत घेतलेल्या प्रतीही सामायिक फोल्डरमध्ये नकोत. त्याचा दुसरा भाग (२०२१) बीएफओचा आहे, आणि बीएफओची ओडब्ल्यूएल (ऑन्टॉलॉजी लिहिण्याची भाषा) फाइल खुल्या परवान्यात मिळते. तिचाच दुवा द्या.

निबंधातली व्याख्या शब्दशः उचलण्याआधी परवाना बघा. व्यावसायिक वापराला किंवा बदलाला मनाई असलेला मजकूर खुल्या मानकात बसत नाही. व्याख्या स्वतःच्या शब्दांत लिहा आणि स्रोत नोंदवा.

स्रोत नोंदवण्याची जागाही महत्त्वाची. प्रोटेजे या ऑन्टॉलॉजी संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तो सरसकट वर्गाला चिकटवला, की उद्या व्याख्या बदलली तरी जुना निबंध नव्या व्याख्येचा आधार म्हणून दिसत राहतो. त्याऐवजी व्याख्येच्या ओळीपुढचं ‘@’ बटण दाबून खुद्द त्या व्याख्येवरच स्रोताची नोंद करा. व्याख्या बदलणाऱ्याला मग स्रोत समोर दिसतो आणि तो ठेवायचा की काढायचा हे तेव्हाच ठरवता येतं.

नाकारलेले निबंधही संदर्भांच्या यादीत राहू द्या, पुढे ‘का नाकारला’ याचं एक वाक्य. नाहीतर सहा महिन्यांनी नवा सदस्य तोच निबंध घेऊन येतो आणि तीच चर्चा पहिल्यापासून सुरू होते.