जवानांना आभारपत्र पाठवताना

इंदूरपासून साधारण 23 किलोमीटरवर महूची छावणी असल्यामुळे लष्करी वर्दी आपल्याला नवी नाही. तरीही जवानांना आभाराचे कार्ड धाडायचे म्हटले की घोडे पत्त्यापाशीच अडते. ‘सीमेवरील जवानांस’ एवढेच लिहिलेले पाकीट कुठे पोहोचवायचे, हे टपाल खात्याला कळण्यास मार्ग नसतो. सीमेवरील तुकडीचे ठिकाण पत्त्यात लिहीत नाहीत. जवानाचा सैनिक क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण लिहून त्याखाली ‘द्वारा 56 एपीओ’ किंवा ‘द्वारा 99 एपीओ’ (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस) असे घालतात आणि पुढचे काम लष्कराची टपाल सेवा करते. म्हणून नात्यातला किंवा गल्लीतला एखादा जवान गाठावा, त्याच्या घरून पत्ता घ्यावा आणि त्याच्याच नावे साऱ्या सोबत्यांसाठी एक गठ्ठा पाठवावा. ओळखीचे कोणीच नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करावी. मिळालेला पत्ता मात्र व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकू नये.

खरी कसोटी मजकुराची. गेल्या वर्षी आमच्या मंडळातील मुलांची कार्डे तपासताना निम्म्यांवर ‘तुमचे बलिदान आम्ही विसरणार नाही’ हे वाक्य सापडले. धडधाकट माणसाला, तोही चौकीवर पहारा देत असताना, असे कोणी लिहिते का? ती कार्डे आम्ही पुन्हा लिहून घेतली. कुठे आहात, सुट्टी कधी मिळणार, असे प्रश्नही नकोत. त्याऐवजी मुलांनी आपल्या घरातले काहीतरी कळवावे. एका मुलीने ‘आज पोह्यांवर जीरावन जास्त पडले आणि आजोबांना ठसका लागला’ (जीरावन म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला) असे लिहून खाली ‘तुम्ही तिथे आहात म्हणून आभार’ एवढेच जोडले होते, आणि माझ्या मते गठ्ठ्यातले तेच कार्ड सर्वांत चांगले होते. पलटण मराठा लाइट इन्फन्ट्रीची असेल तर खुशाल मराठीत लिहावे, एरवी सोपी हिंदी बरी. ती इंदूरच्या मुलांना शिकवावी लागत नाही.

कागद जाड घ्यावा आणि बॉलपेन वापरावे, कारण जेलची शाई ओलाव्याने पसरते. चमकी तर नकोच, ती पाकीट उघडताच अंथरुणभर सांडते. खाऊ त्याच पाकिटात कोंबू नये.

15 जानेवारीच्या सेनादिनासाठी कार्डे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच रवाना करावीत, कारण बर्फ पडू लागल्यावर उंचावरच्या चौक्यांचे टपाल हवामानावर अवलंबून राहते. पाकिटामागे मुलांच्या घरांचा नव्हे, मंडळाचा पत्ता घालावा, म्हणजे उत्तर आलेच तर तिथे येईल. आमच्याकडे चार महिन्यांनी एक आंतर्देशीय पत्र आले. जीरावन म्हणजे काय, एवढेच त्यात विचारले होते.