पावसाळ्यात डीसीएफडीए खराब होऊ नये म्हणून

डीसीएफडीए हा पेशींतला ऑक्सिडेटिव्ह ताण चमकून दाखवणारा डाय. पेशी नसलेल्या वेलमध्येही (प्लेटमधल्या खळग्यातही) तो चमकू लागला, की उपचार केलेल्या आणि न केलेल्या पेशींतला फरक दिसेनासा होतो. मुंबईत जून ते सप्टेंबर हे हमखास घडतं. फ्रीझरमधून काढलेली कुपी गार असतानाच उघडली, की दमट हवेतलं पाणी आत उतरतं. डाय ज्या द्रावकात विरघळवलेला असतो तो डीएमएसओ ते शोषून घेतो आणि पेशीत शिरल्यावर तुटायला हवेत ते डायचे अॅसिटेट गट आधीच तुटतात.

१. ४.८७ मिलिग्रॅम पावडर १ मिलिलिटर कोरड्या, नव्या बाटलीतल्या डीएमएसओत विरघळवा. हे १० मिलिमोलर द्रावण झालं.

२. लगेच १२-१२ मायक्रोलिटरचे भाग करा. एक भाग १२ मिलिलिटरला, म्हणजे ९६ वेलच्या एका प्लेटला पुरतो. उरलेलं पुन्हा गोठवू नका, टाकून द्या.

३. नळ्या फॉइलमध्ये गुंडाळून सिलिका जेलसह बंद डब्यात उणे २० अंशांवर ठेवा. डबा खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायचा नाही.

४. पेशींवर १० मायक्रोमोलर डाय, ३७ अंशांवर, अंधारात ३० मिनिटं. माध्यम सिरम आणि फिनॉल रेड नसलेलंच हवं. सिरममधली एस्टरेजं (हे गट तोडणारी विकरं) डाय बाहेरच तोडतात. मग दोनदा धुवा.

प्रत्येक प्लेटमध्ये तीन वेल फक्त बफर आणि डायचे ठेवा. त्यांचं वाचन नेहमीपेक्षा चढलं, तर ती नळी बाद. या तीन वेलवर कधीच काटकसर करू नये.

सावधान: डीसीएफ (या डायचं चमकणारं रूप) फक्त हायड्रोजन पेरॉक्साइड दाखवत नाही. मोकळं लोह आणि सायटोक्रोम सी हे पेशीतलं प्रथिन यांनीही चमक वाढते, म्हणून निकालात ‘पेरॉक्साइड वाढलं’ असं थेट लिहू नका.