लूर्द, फातिमा, रोम: परदेशातील तीर्थयात्रेची पूर्वतयारी

तीर्थयात्रेची तारीख विमानाच्या तिकिटाचा दर पाहून ठरवू नये. ती तीर्थस्थळाचा वार्षिक कार्यक्रम पाहून ठरवावी. पोर्तुगालमधील फातिमा येथे १३ मे ते १३ ऑक्टोबर १९१७ या काळात तीन मुलांना मरियामातेचे दर्शन घडले, त्यामुळे आजही त्या महिन्यांत १२ तारखेची रात्र आणि १३ तारखेची सकाळ हा तिथला मुख्य सोहळा असतो. मेणबत्त्यांची मिरवणूक डोळे भरून पाहायची असेल तर हेच दिवस निवडावेत. मात्र सोबत वयस्कर माणूस असेल आणि दर्शनाच्या चॅपलसमोर शांत बसायचे असेल, तर हेच दिवस टाळावेत. फ्रान्समधील लूर्दमातेचा सण ११ फेब्रुवारीला येतो, कारण १८५८ साली त्याच दिवशी बर्नादेत या मुलीला तिथल्या गुहेत मरियामातेचे पहिले दर्शन झाले. पण तेव्हा कडाक्याची थंडी असते आणि तिथली अनेक हॉटेले बंद असतात. १५ ऑगस्टला तिथे फार मोठी गर्दी होते. रोममध्ये पोप महोदयांची सार्वजनिक भेट साधारणपणे बुधवारी असते आणि रविवारी दुपारी १२ वाजता ते संत पेत्राच्या चौकात जमलेल्या भाविकांसोबत देवदूताची प्रार्थना म्हणतात. गुरुवारी पोहोचून शनिवारी निघणाऱ्याला यातले काहीच लाभत नाही. बुधवारच्या भेटीचा प्रवेश विनामूल्य असतो, त्यामुळे त्यासाठी कोणी पैसे मागितल्यास देऊ नयेत.

दहा दिवसांत पाच तीर्थे दाखवणाऱ्या सहलीपेक्षा दोन ठिकाणी प्रत्येकी तीन-चार रात्री राहणे मला केव्हाही योग्य वाटते. लूर्दमध्ये मोसमात रात्री ९ वाजता निघणारी मिरवणूक आणि त्यानंतर नदीकाठच्या गुहेसमोरची शांतता हीच त्या यात्रेतील मोलाची वेळ असते. दुपारी बसमधून उतरून संध्याकाळी पुढे निघालेल्यांना ती मिळत नाही.

फ्रान्स, पोर्तुगाल, स्पेन आणि इटली हे चारही देश शेंगेन क्षेत्रात असल्यामुळे ज्यांना व्हिसा लागतो त्यांना एकच व्हिसा पुरतो. ज्या देशात सर्वाधिक दिवस मुक्काम आहे त्या देशाकडे अर्ज करावा. दिवस सारखेच असतील, तर ज्या देशात प्रथम उतरणार त्याच्याकडे करावा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी करावा लागतो, तरी शेवटच्या आठवड्यांवर विसंबून राहू नये. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला असावा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा आणि त्यात दोन पाने कोरी असावीत. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंच्या वैद्यकीय खर्चाचा लागतो. व्हॅटिकनसाठी वेगळा व्हिसा नसतो. मेजुगोरे हे तीर्थस्थळ मात्र बोस्निया-हर्झेगोविनात, म्हणजे शेंगेनच्या बाहेर आहे. तिथे जाऊन पुन्हा रोमला यायचे असेल, तर एकाहून अधिक वेळा प्रवेश देणाराच व्हिसा मागावा.

गटासोबत फादर येणार असतील, तर त्यांच्याकडे आपल्या बिशपांचे किंवा वरिष्ठांचे ओळखपत्र असावे, कारण परक्या ठिकाणी मिस्सा म्हणजे पवित्र ख्रिस्तयागाची उपासना अर्पण करताना ते मागितले जाते. आपल्या भाषेत मिस्सा हवी असल्यास तीर्थस्थळाच्या कार्यालयाला काही महिने आधी लिहून चॅपल आणि वेळ राखून ठेवावी. पापनिवेदन कोणत्या भाषांत आणि किती वाजता होते हेही आधीच पाहून ठेवावे. तिथे गेल्यावर विचारत फिरण्यात अर्धा दिवस जातो.

नवे बूट घालून यात्रेला निघू नये. निघण्यापूर्वी महिनाभर तेच बूट घालून रोज तासभर चालावे. लूर्द पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी असल्याने भर उन्हाळ्यातही पाऊस येतो आणि रात्री गारवा असतो, म्हणून स्वेटर आणि रेनकोट हाताशी असावा. संत पेत्राच्या बॅसिलिकेत खांदे व गुडघे झाकलेले नसतील तर प्रवेश मिळत नाही. पिशवीत एक शाल ठेवली की प्रश्न सुटतो. औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि विमानात सोबत न्यायच्या पिशवीतच ठेवावीत. आजारी व्यक्तीला नेत असाल, तर लूर्दमध्ये आजाऱ्यांसाठी स्वतंत्र निवासस्थाने आणि मदतीला स्वयंसेवक असतात. परंतु त्यांना आधी कळवावे लागते.

निघण्यापूर्वी शेजारीपाजारी, नातेवाईक तिथे प्रार्थनेत मांडण्यासाठी आपापली मागणी सांगतात. ती लक्षात राहील या भरवशावर राहू नये. प्रत्येकाला स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहायला सांगावे आणि सगळ्या चिठ्ठ्या एका पाकिटात घालून प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवाव्यात. लूर्दच्या गुहेत त्या अर्पण करण्याची सोय आहे.

लूर्दच्या गुहेतील झऱ्याचे, तिथल्या नळांना येणारे पाणी घरी आणायचे असेल, तर ते सामानात द्यायच्या बॅगेत ठेवावे. पहिल्या यात्रेत मी अर्ध्या लिटरची बाटली खांद्याच्या पिशवीत ठेवली होती आणि विमानतळावरील तपासणीत ती तिथेच सोडावी लागली. १०० मिलिलिटरहून अधिक द्रव सोबत नेता येत नाही, हा तेव्हाचा नियम मला ठाऊक होता, पण त्या क्षणी आठवला नाही. घरी एक आजारी माणूस त्या पाण्याची वाट पाहत होते. तेव्हापासून मी बाटली काठोकाठ भरत नाही, झाकणाभोवती चिकटपट्टी गुंडाळते, बाटली दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधते आणि बॅगेच्या मधोमध कपड्यांच्या घडीत ठेवते.