फोल्डरच्या आत फोल्डर: एकूण साइज पायथनने कशी काढायची

डिस्क भरत आली की आपण एकेका फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघत बसतो, पण फोटोंचं फोल्डर, त्यात वर्षं, वर्षात महिने, महिन्यात कार्यक्रम असं असलं की जागा नेमकी कुठे गेलीय ते कळेपर्यंत अख्खी दुपार जाते. त्यापेक्षा छोटीशी स्क्रिप्ट लिहा.

मुख्य काम ओएस मॉड्यूलमधलं वॉक फंक्शन करतं. त्याला वरच्या फोल्डरचा पाथ, म्हणजे पत्ता, दिला की ते खालच्या प्रत्येक फोल्डरात जातं आणि दर वेळी 3 गोष्टी देतं, त्या फोल्डरचा पाथ, आतल्या फोल्डरांची नावं आणि आतल्या फाइलींची नावं. नावं म्हणजे नुसती नावंच हां, पूर्ण पाथ नाही, त्यामुळे आधी ओएस डॉट पाथमधल्या जॉइनने पाथ जोडायचा आणि मगच तिथल्याच, फाइलची साइज सांगणाऱ्या गेटसाइजला द्यायचा, नाहीतर फाइल सापडत नाही म्हणून एरर येतो. गेटसाइज बाइटमध्ये आकडा देतं, तो मिळवत गेलं की झाली टोटल.

पण नुसती टोटल घेऊन करायचं काय? आपल्याला हवी असते प्रत्येक फोल्डरची वेगळी. त्यासाठी वॉकचा टॉपडाउन हा पर्याय फॉल्स ठेवा, म्हणजे ते सगळ्यात आतून वर येतं आणि वरच्या फोल्डरची पाळी येते तेव्हा आतल्यांचे आकडे तयार असतात. ते डिक्शनरीत, म्हणजे पाथ आणि त्याचा आकडा अशा जोड्यांच्या यादीत, ठेवायचे, स्वतःच्या फाइली अधिक आतल्या फोल्डरांचे आकडे, बस. मला ही पद्धत फार आवडते कारण कुठलीच फाइल दोनदा मोजावी लागत नाही. डिक्शनरीतून आकडा काढताना मात्र गेट वापरा आणि डिफॉल्ट 0 द्या, कारण शॉर्टकटसारखी सिमलिंक फोल्डरं यादीत दिसतात पण वॉक त्यांच्यात शिरत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. परवानगी नसलेलं फोल्डर आलं तर वॉक काहीही न बोलता ते सोडून देतं आणि टोटल कमी येते! वॉकच्या ऑनएरर या पर्यायाला एक फंक्शन द्या आणि त्यात एरर प्रिंट करा. फाइल स्वतःच सिमलिंक असेल तर इजलिंकने तपासून वगळा, तुटकी लिंक असली तर गेटसाइज तिथेच आपटतं.

जीबी हवे असतील तर 1024 ने तीनदा भागा. आकडा प्रॉपर्टीजमधल्या साइज ऑन डिस्कशी जुळला नाही तर घाबरू नका, डिस्क जागा ठरावीक तुकड्यांत म्हणजे ब्लॉकमध्ये देते आणि 4 केबीच्या ब्लॉकवर 1 बाइटची फाइलसुद्धा सहसा 4 केबी जागा अडवते आणि गेटसाइज मात्र 1 बाइटच सांगतं.