दाव्याला सुरगाठ मारा: परतीच्या पावसाआधीचा सल्ला

पोळा झाला. बैलांना नवी वेसण, नवा कासरा, नवी म्होरकी आली. यंदाही बहुतेकांनी दावी घेतली ती नायलॉनची. स्वस्त, रंगीत आणि वर्षानुवर्षं न तुटणारी. न तुटणारी, हीच अडचण आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला. परंडा, माढा, मोहोळ या भागांत एरवी जिथं टँकरची वाट बघतात, तिथं माणसं छपरावर बसून बोटीची वाट बघत होती. पाणी ओसरल्यावर गोठ्यात जनावरं मेलेली सापडली, गळ्यातलं दावं तसंच. गाय-म्हैस पोहते, आणि चांगली पोहते. मोकळं जनावर पाण्यात वाहून गेलं तरी पुढं कुठंतरी काठाला लागायची आशा असते. बांधलेल्याला ती नसते. पिकाचं नुकसान कुणाच्या हातात नव्हतं, पण खुंट्याला मेलेल्या जनावरांपैकी कितीतरी वाचली असती, हे मी दरवर्षी सांगतो आणि यंदाही सांगणार.

रात्री काय होतं ते नीट डोळ्यांसमोर आणा. भिजलेल्या नायलॉनची निरगाठ, पलीकडून बुजलेल्या म्हशीचा हिसका आणि मोबाईलची बॅटरी दातात धरून अंधारात चाचपडणारी बोटं. म्हैस जितकी ओढते तितकी गाठ आवळते. पाणी गुडघ्यावरून कमरेला आलं की माणूस जीव घेऊन निघतो, त्यानं निघावंच. म्हैस खुंट्याला राहते.

म्हणून आजच गोठ्यात जा आणि एकेका दाव्याची गाठ बघा. सुरगाठ मारा, सुटं टोक ओढलं की एका हिसक्यात सुटली पाहिजे. ती घरातल्या बाईला आणि शाळेत जाणाऱ्या पोरालाही अंधारात सोडता येते का, हे दिवे बंद करून एकदा करून बघा. अंबाडीचं किंवा सुताचं दावं मिळालं तर घ्या, वेळेला विळ्यानं पटकन कापता येतं. धार लावलेला एक विळा गव्हाणीच्या वर, डोक्याच्या उंचीला टांगून ठेवा. तो तिथून हलवायचा नाही, गवत कापायलासुद्धा. साखळी वापरत असाल तर पावसाळाभर काढून ठेवा. बऱ्याच ठिकाणी एकच लोखंडी पाईप टाकून सगळी जनावरं त्यालाच बांधतात. पुरात ते वाईट आणि विजेत त्याहून वाईट.

मोठी अडचण आखाड्यावरची, म्हणजे शेतातल्या गोठ्यावरची. जनावरं शेतात, माणूस गावात झोपलेला, शेळ्यांच्या जाळीला कुलूप आणि किल्ली घरातल्या खुंटीवर. बिबट्याच्या आणि चोरांच्या भीतीनं कुलूप लावतात, ते समजतं. पण हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल त्या रात्री ओढ्याकाठच्या आखाड्यावर जनावरं ठेवूच नका. संध्याकाळी, उजेड असताना वर आणा. रात्री दोनला आणायला जाणारा माणूसही परत येईल असं नाही.

जूनपेक्षा आताचा पाऊस मी जास्त धोक्याचा मानतो, त्याला कारण आहे. जूनमधला पाऊस धरण पोटात घेतं. सप्टेंबरात धरणं भरलेली असतात, वर पडलेलं पाणी खाली सोडावंच लागतं. तुमच्या शिवारात टिपूस नसताना नदी चढते ती यामुळं. धरणातून सोडलेल्या पाण्याचा, म्हणजे विसर्गाचा, आकडा क्युसेकमध्ये येतो. एक लाख क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लाख लिटर पाणी. आपल्या गावाला नुसता आकडा समजून उपयोग नाही. मागच्या वेळी किती विसर्गाला पाणी पाणंदीत आलं, कितीला गोठ्यात, हे गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवा. पुढच्या वेळी तोच तुमचा अलर्ट.

ओढ्याला मात्र कुणी आकडा जाहीर करत नाही. तिथं माझा एक अंदाज आहे, कुठल्या पुस्तकातला नाही. इथं पाऊस नसताना पाणी एकदम गढूळ झालं, वर काड्या, पालापाचोळा आणि फेस यायला लागला, की वरच्या शिवारात मोठा पाऊस झालाय असं समजायचं आणि जनावरं सोडायला लागायचं. चुकलो तर एक चक्कर वाया जाते. जुनी माणसं उत्तरा आणि हस्ताच्या पावसाला रात्री गाफील झोपत नसत. मीही झोपत नाही.

कुठं हाकायचं ते आधी ठरवा: गावठाणाची उंच जागा, देवळाचं पटांगण, माळ. वरून पाणी वाहत असलेल्या पुलावरून किंवा फरशी पुलावरून हाकायचं नाही, पाणी पिंढरीएवढं दिसलं तरी नाही. गोठ्याचं फाटक उंच बाजूला असलं तर जनावरं आपणहून तिकडं जातात. मुक्त संचार गोठा (जनावरं न बांधता कुंपणात मोकळी) असणाऱ्यांना नुसतं फाटक उघडायचं असतं. दूध वाढतं म्हणून तो करा असं सगळे सांगतात, मी या कारणासाठी सांगतो.

आता वीज. तिथंही दावंच आडवं येतं. दुपारनंतर आभाळ भरून आलं की जनावरं लिंबाखाली, बाभळीखाली बांधतात. वीज झाडावर पडते आणि मुळांवाटे जमिनीत पसरते. बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत चार-पाच फुटांचं अंतर. तेवढ्या अंतरात जमिनीतला विजेचा दाब बदलतो आणि प्रवाह एका पायातून शिरून छातीतून दुसऱ्या पायानं बाहेर पडतो. माणूस दोन पाय जवळ घेऊन बसू शकतो, जनावराला ते जमत नाही. एका झाडाखाली अख्खी दावण जाते ती अशी. पक्का गोठा असेल तर आत घ्या. नसेल तर झाडापासून, तारेच्या कुंपणापासून, विजेच्या खांबापासून लांब मोकळी सोडा. पांगलेली जनावरं एकदम सगळी जात नाहीत. पळून जातील ही भीती असते, पण पळालेलं जनावर शोधता येतं.

‘दामिनी’ ॲप फोनवर घ्या. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचं आहे, फुकट आहे, आजूबाजूच्या २० ते ४० किलोमीटरमधल्या विजेची सूचना देतं. रेंज नसेल तर मोजा: चमक आणि गडगडाट यात ३० सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, शेत सोडा. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं परत जाऊ नका. घर लांब असेल तर पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे पडू नका. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. त्याला हात लावा, श्वास थांबला असेल तर छाती दाबायला लागा, १०८ ला फोन करा.

सध्या गावोगाव वीजरोधक यंत्र विकणारे फिरताहेत. छपरावर सळई ठोकून ‘एवढं शिवार सुरक्षित’ म्हणतात. जमिनीत नीट अर्थिंग नसलेली सळई म्हणजे विजेला दिलेलं आमंत्रण. पूर येऊन गेला की दुकानात लिव्हर टॉनिक, कॅल्शियम, ‘पूर स्पेशल’ किट पुढं करतात. भिजून गारठलेल्या जनावराला आधी कोरडी जागा, कोरडा चारा आणि स्वच्छ पाणी लागतं. बुरशी आलेला कडबा खाऊ घालून वर टॉनिक पाजणं म्हणजे पैसे उकिरड्यावर टाकणं. त्या पैशात ताडपत्री घ्या.

बाकी नेहमीची कामं:

– घटसर्प, फऱ्या लस मे-जूनमध्ये राहिली असेल तर दवाखान्यात आताच विचारा. शेळ्या-मेंढ्यांना आंत्रविषार.
– गळ्याखाली सूज, घरघर, जोराचा ताप: तासाभराचाही उशीर नको, जनावरांच्या डॉक्टरसाठी १९६२ ला फोन.
– कानातला बिल्ला. नसेल तर मदत अडते.
– प्रत्येक जनावराचा बिल्ला दिसेल असा फोटो, फोन भिजला तर म्हणून नातेवाइकाकडेही.
– सातबारा, आधार, पासबुक, औषधं प्लास्टिकच्या पिशवीत, दाराजवळ.
– ई-पीक पाहणी मुदतीत.
– आठ दिवसांचा कोरडा चारा माळ्यावर.
– पिण्याचं पाणी उकळून. विहिरीला हजार लिटरला ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर), गढूळ असेल तर आरोग्य सेवकाला विचारून जास्त.
– पंपाच्या भिजलेल्या स्टार्टरला हात नको.
– कापलेलं सोयाबीन उंचवट्यावर, ताडपत्री वरूनच नाही तर खालूनही.

कपाशीबद्दल एवढंच: पाणी साचल्यावर झाडं अचानक मलूल झाली तर आधी चर काढून पाणी बाहेर घाला. मग परभणी कृषी विद्यापीठाची शिफारस: १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम युरिया, १०० ग्रॅम पांढरा पोटॅश, २५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड, झाडाला १०० मिली आळवणी (बुडाशी ओतायचं), लक्षण दिसल्यापासून एक-दोन दिवसांत. त्यानंतर बुडाशी माती पायानं दाबा. दुकानदार यात चौथी बाटली घालायला सांगेल. ऐकू नका.

एवढं करूनही जनावर गेलंच, तर पंचनामा होईपर्यंत पुरू नका. जिल्ह्याचा आपत्ती कक्ष १०७७. तलाठ्याला कळवा, पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन करून घ्या, बिल्ल्यासकट फोटो काढा. मग विहीर आणि ओढ्यापासून लांब, सहा फूट खोल खड्डा आणि चुना. आपत्ती मदतीच्या २०२२ ते २०२६ च्या सरकारी निकषांत दुधाळ गाय-म्हशीला ३७,५०० रुपये, ओढकामाच्या जनावराला ३२,०००, वासराला २०,०००, शेळी-मेंढीला ४,००० रुपये धरले होते. चांगली दुभती म्हैस या पैशात मिळत नाही, आणि हे पैसेही कागद पूर्ण असले तरच हातात येतात. शेजारच्या गोठ्यात नायलॉनच्या निरगाठी दिसल्या तर त्यालाही आजच सांगा. पुराच्या रात्री त्याची जनावरं सोडायला तुम्हालाच पाण्यात उतरावं लागेल.