गेमची क्रेडिट्स कुणी बघावीत असं वाटत असेल, तर या चुका टाळा

शेवटचा बॉस पडतो, पडदा काळा होतो आणि पांढऱ्या एरियल फाँटमध्ये गेम बनवणाऱ्यांच्या नावांची मालगाडी खालून वर सरकायला लागते. मागे मेन्यूतलंच संगीत पुन्हा वाजतंय. चौथ्या सेकंदाला खेळाडूचा अंगठा बटणावर पडतो आणि तो थेट मेन्यूत जाऊन आदळतो. गेम बनवायला तीन वर्षं लागलेली असोत की सहा महिने, नावं वाचली शून्य. अशी क्रेडिट्स रिलीजच्या आदल्या रात्री उरकलेली असतात, आणि ते लपत नाही.

सिनेमाचा प्रेक्षक नावं येताना खुर्चीत रेलून बसलेला असतो. गेमच्या खेळाडूच्या हातात अजून कंट्रोलर असतो आणि अंगठे लढाईच्या तंद्रीत असतात. पुढच्या बहुतेक चुका हा फरक विसरल्यामुळेच होतात.

वेग फ्रेमवर बांधणं

नवशिक्यांची ही सगळ्यात लाडकी चूक. कोडमध्ये एक ओळ लिहायची, ‘दर फ्रेमला २ पिक्सेल वर’, आणि आपल्या ६० हर्ट्झच्या (सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे चित्रं, दाखवणाऱ्या) मॉनिटरवर छान दिसलं की पुढच्या कामाला लागायचं.

आता हिशेब बघा. १०८० पिक्सेल उंचीच्या पडद्यावर ५४ पिक्सेलची एक ओळ, अशा ३०० ओळी. मजकुराची उंची १६,२००. पहिली ओळ खालच्या कडेबाहेरून येते आणि शेवटची वरच्या कडेबाहेर जाते, म्हणून त्यात पडद्याचे १०८० मिळवा. एकूण प्रवास १७,२८० पिक्सेल. ६० हर्ट्झवर वेग सेकंदाला १२० पिक्सेल, म्हणजे २ मिनिटं २४ सेकंद. संगीतकाराने नेमका तेवढा तुकडा करून दिलाय, शेवटच्या नावावर शेवटचा सूर विरतोय, सगळे खूश.

हाच गेम १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर चालवा. वेग होतो २८८ आणि क्रेडिट्स बरोब्बर ६० सेकंदांत संपतात. गाणं पहिल्या अंतऱ्यातच कापलं जातं. ३० फ्रेमवर अडकवलेल्या मशीनवर उलटा प्रकार: ४ मिनिटं ४८ सेकंद, त्यातला अर्धा वेळ संगीत संपून नुसती शांतता. मग तक्रार येते ‘एंडिंगला साउंड बग आहे’, आणि बिचारा साउंडवाला आठवडाभर आपल्या फाइली तपासत बसतो. साउंडमध्ये काही बिघडलेलंच नसतं.

वेग सेकंदाला किती पिक्सेल असा ठेवा आणि डेल्टा टाइमने (मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळाने) गुणा, इतकं तर कुणीही सांगेल. पण तेवढ्यावर थांबू नका. वेग हाताने लिहूच नका, गाण्याच्या लांबीवरून काढा: एकूण प्रवास भागिले गाण्याचे सेकंद. पॅचमध्ये, म्हणजे नंतरच्या अपडेटमध्ये, चार भाषांतरकारांची नावं वाढली तरी शेवट जागेवर राहतो. मात्र उत्तर ९० ते १५० च्या बाहेर जायला लागलं की गाण्याची लांबी बदला. १२० ला प्रत्येक नाव ९ सेकंद पडद्यावर राहतं. २०० च्या वर नाव वाचून होत नाही, आणि ५० च्या खाली सगळं मुंगीच्या पावलाने चालल्यासारखं वाटतं.

उत्साही मंडळी इथे एक पाऊल पुढे जातात आणि ओळींची जागा थेट ऑडिओच्या घड्याळावरून घेतात. कल्पना चांगली, पण ते घड्याळ बफरच्या, म्हणजे आवाजाच्या छोट्या गठ्ठ्यांच्या, टप्प्यांनी पुढे सरकतं. ४८ किलोहर्ट्झवर १०२४ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे २१ मिलिसेकंदांचा टप्पा, आणि ६० हर्ट्झची एक फ्रेम साधारण १७ मिलिसेकंदांची. त्यामुळे नावं उचकी लागल्यासारखी वर जातात. मी स्वतःचा टायमर चालवतो आणि दर काही सेकंदांनी ऑडिओशी पडलेला फरक हळूच भरून काढतो. खेळाडूने मध्येच कन्सोल झोपवून पुन्हा जागं केलं तरी गाडी रुळावर येते.

थरथरीचं दुसरं कारण पिक्सेलला पूर्णांक करणं. सेकंदाला १०० पिक्सेल म्हणजे ६० हर्ट्झवर फ्रेमला १.६७. राउंड केलंत की ओळ कधी २ सरकते, कधी १, आणि डोळ्याला ते लगेच खुपतं. मजकूर आधी टेक्स्चरवर (म्हणजे चित्र म्हणून) उमटवा आणि ते टेक्स्चर अपूर्णांकात सरकवा, बायलिनियर फिल्टर (शेजारच्या पिक्सेलचे रंग मिसळणारा) लावून. अक्षर जरासं मऊ होतं, हलताना कळत नाही. पिक्सेल आर्टच्या गेमला मात्र हा मऊपणा शोभत नाही. तिथे सरकवणं सोडा आणि पाट्या दाखवा, म्हणजे थोडी थोडी नावं स्थिर, एकामागून एक.

पाट्यांचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो: टीम चार माणसांची आणि आभार धरून नावं चाळीस असतील तर मालगाडी सोडूच नका. साडेतीन मिनिटांच्या गाण्यावर चाळीस ओळी ताणल्या की वेग सेकंदाला १५ पिक्सेलवर येतो. एका पाटीवर चार नावं, पाटी ५-६ सेकंद, दहा पाट्या, मिनिटभरात काम फत्ते. सरकत्या मजकुराने ज्यांना गरगरतं त्यांचीही सोय होते. पण मोठ्या स्टुडिओसारखं दिसायची हौस सुटत नाही, त्याला काय करणार.

एका बटणात स्किप, किंवा स्किपच नाही

दोन्ही टोकं सारखीच वाईट. बॉस मारताना खेळाडू जे बटण सेकंदाला पाच वेळा बडवत होता, तेच क्रेडिट्स उडवायला ठेवलं तर त्याने ती उडवली नाहीत, तुम्ही उडवलीत. आणि स्किप काढूनच टाकलंत तर दुसऱ्यांदा गेम संपवणारा तुमच्या नावाने बोटं मोडणार.

माझी पद्धत ठरलेली आहे. पहिले ३ सेकंद कुठलंच बटण ऐकायचं नाही. नंतर बटण धरून ठेवलं की वेग चौपट, सोडलं की पूर्ववत, आणि संगीत आपल्या गतीने चालू. पूर्ण स्किपसाठी वेगळं बटण दीड सेकंद दाबून ठेवायचं, बाजूला भरत जाणारं छोटं वर्तुळ दिसायला हवं. चौपट वेगाने नावं लवकर संपली तर गाणं दोन सेकंदांत फेड करा. मध्येच तोडू नका.

आणि सेव्ह क्रेडिट्सच्या आधी करा, नंतर नाही. नावं चालू असताना वीज गेली म्हणून बॉस पुन्हा मारावा लागला, तर खेळाडू तुमचं नाव लक्षात ठेवेल, पण वेगळ्या कारणासाठी.

खेळता येणारी क्रेडिट्स, विचार न करता

२०१७ चा ‘नीअर: ऑटोमाटा’ बघून प्रत्येकाला क्रेडिट्समध्ये शूटर घालायचा असतो. तिथे नावांवर गोळ्या झाडायच्या असतात आणि नावंही उलट मारतात. एकट्याने ते जवळपास अशक्य होतं, मग इतर खेळाडूंचे संदेश दिसायला लागतात आणि मदत घेणार का असं विचारलं जातं. होकार दिला की त्यांची यानं तुमच्याभोवती येतात, आणि त्यातलं एखादं कोसळतं तेव्हा कुणाचा तरी सेव्ह डेटा गेलेला असतो. शेवटी तोच सौदा तुमच्यापुढे ठेवला जातो: अनोळखी माणसाला मदत व्हावी म्हणून आपला सेव्ह पुसणार का? लोक ‘नावांवर गोळ्या’ एवढंच उचलतात. तिथली अडचण आणि तिथली मदत दोन्ही गेमच्या कथेतून आलेली आहेत, हे निसटतं.

नक्कल करायचीच असेल तर १९९९ च्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ची करा, ती स्वस्त आहे आणि हुशारही. नेम धरून नाव टिपलं की त्या माणसाचं काम काय होतं ते दिसतं. म्हणजे गोळी मारण्याचं बक्षीसच वाचन! नवशिक्यांच्या शूटरमध्ये नाव फुटून ठिकऱ्या होतात, आणि ते कुणाचं होतं हे बघायला खेळाडूला फुरसतच नसते. ‘अंडरटेल’मध्ये आभाराची नावं चुकवायची असतात. चुकवायला नजर नावावर ठेवावी लागते, म्हणून तेही चालतं.

तुमची क्रेडिट्स कामाची आहेत का हे तपासायला साधी कसोटी आहे. गेम न खेळलेल्या मित्राला ती खेळू द्या आणि संपल्यावर तीन नावं विचारा. एकही सांगता आलं नाही तर मिनीगेम काढून टाका.

शूटरपेक्षा मला फोटोंची कल्पना जास्त आवडते. ‘अर्थबाउंड’मध्ये ठरावीक जागी एक फोटोग्राफर आकाशातून उतरतो आणि फोटो काढून जातो. खेळताना तो जरा वैतागच वाटतो, पण शेवटी नावांसोबत तेच फोटो येतात आणि आपला अख्खा प्रवास डोळ्यांसमोरून जातो. सुपर निन्टेन्डोच्या काळात जमलं ते आज जमायला हरकत नाही: दहा-बारा ठरलेले क्षण, ६४० बाय ३६० चं जेपीईजी, सगळे मिळून जेमतेम एक-दीड एमबी. चुका होतात त्या अशा: हेल्थ बार न लपवता फोटो काढणं, ऐन लढाईत काढून गेमला झटका देणं, आणि फाइल हरवली की पांढरा चौकोन दाखवणं. फोटो दृश्य बदलतानाच्या काळ्या क्षणाच्या अगदी आधी घ्या, म्हणजे झटका काळोखात लपतो. फाइल नसेल तर तो फोटो गुपचूप वगळा.

एकेका ओळीत

फाँट १०८० वर २८ पिक्सेलपेक्षा लहान नको. सोफ्यावरून टीव्ही बघणारा माणूस मॉनिटरला नाक लावून बसत नाही.

चारही कडांना ५ टक्के जागा मोकळी सोडा. काही टीव्ही अजूनही कडा कापतात.

डाव्या रकान्यात कामाचं नाव उजव्या कडेला टेकवलेलं, उजव्या रकान्यात माणसाचं डाव्या कडेला, मध्ये ३०-४० पिक्सेलची फट. दोन्ही मध्यावर आणलंत की कोण काय करत होतं ते शोधत बसावं लागतं.

फोनवर अर्ध्या मिनिटात स्क्रीन झोपते, पीसीवर कंट्रोलरने खेळताना स्क्रीनसेव्हर उठतो. क्रेडिट्सपुरतं दोन्ही बंद करा, आणि नंतर चालू करायला विसरू नका.

एमआयटी लायसन्सचा (मुक्त सॉफ्टवेअरच्या एका परवान्याचा) अख्खा मजकूर नावांच्या मध्ये सरकवू नका. ‘गोडोत’ हे गेम इंजिन वापरत असाल तर तो गेमसोबत द्यावा लागतोच, पण मेन्यूत वेगळं पान करून द्या. सीसी-बाय (श्रेय देऊन वापरायच्या परवान्याच्या) संगीताचं श्रेय देणं हा उपकार नाही, ती अट आहे.

मेन्यूत ‘क्रेडिट्स’ हवंच. आईला नाव दाखवायला कुणी बॉस मारत बसत नाही.

नावंच चुकणं

बाकी सगळं माफ. १९७० च्या दशकात अटारी ही गेम कंपनी आपल्या गेमवर प्रोग्रामरची नावं छापत नसे. १९७९ मध्ये काही प्रोग्रामरांनी बाहेर पडून ॲक्टिव्हिजन ही स्वतःची कंपनी काढली, त्यामागचं एक कारण हेच. अटारीतल्याच वॉरन रॉबिनेट या प्रोग्रामरने मात्र वेगळाच मार्ग काढला. ‘ॲडव्हेंचर’ या आपल्या गेममध्ये त्याने पार्श्वभूमीच्याच राखाडी रंगाचा एका पिक्सेलचा ठिपका लपवला. तो ठिपका उचलून योग्य भिंतीशी नेला की गुप्त खोली उघडायची, आणि आत त्याचं नाव रंग बदलत उभं असायचं. गेम बाजारात आला तोवर तो नोकरी सोडून गेला होता. सॉल्ट लेक सिटीतल्या एका पंधरा वर्षांच्या मुलाने खोली शोधून अटारीला पत्र लिहिलं, तेव्हा कंपनीला पत्ता लागला. गेममधल्या लपवलेल्या गमतींना ‘ईस्टर एग’ म्हणायची पद्धत तिथून पडली. एका नावासाठी माणूस इतकं करतो, आणि आपण मधेच सोडून गेलेल्या ॲनिमेटरचं नाव ‘राहिलं वाटतं’ म्हणून सोडून देतो.

यादी पहिल्या दिवसापासून एका शीटमध्ये ठेवा: विभाग, काम, नाव. नाव कसं लिहायचं ते प्रत्येकाला लेखी विचारा, चॅटवरून अंदाजाने उचलू नका. शीट एक्सेलमधून काढताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच पर्याय निवडा, नाहीतर देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग मिळेल.

नावं देवनागरीत द्यायची असतील तर युनिटी इंजिनच्या टेक्स्टमेश प्रोवर (मजकूर दाखवणाऱ्या भागावर) डोळे मिटून विश्वास ठेवू नका. त्याला आपली जोडाक्षरं जुळवता न आल्याने ‘अश्विनी’तली पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि श्व फुटून पाय मोडलेला श दिसतो. गोडोत ४ मध्ये हार्फबझ (अक्षरं जुळवणारी लायब्ररी) असल्याने ते नीट जुळतं. युनिटीतच राहायचं असेल तर प्रत्येक पाटी बाहेर उमटवून चित्र म्हणून आणा. पाट्या दहाच असतील तर याहून सोपं काही नाही. ओळीची उंची फाँटच्या दीडपट ठेवा, नाहीतर वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांत घुसतात.

चाचणीला ‘राम’ आणि ‘कमल’ टाकून समाधान मानणारे बरेच भेटतात. हृषीकेश, ज्ञानेश्वर, अश्विनी, गोऱ्हे, कुऱ्हाडे ही पाच टाकून बघा. गोऱ्हेंचा ऱ्ह जिथे शाबूत राहतो, तिथे बाकीचे सहसा सुखरूप पोचतात.